मराठवाड्याची 'बुनियाद' कोण दाखवणार?

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने आपले जुने भांडार उघडले आणि 'बुनियाद' ही मालिका पुन्हा एकदा घराघरांत आली. १९८६-८७ साली ती प्रथम दाखवली गेली, तेव्हा लोह्यात दूरदर्शन संच असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी होती. आम्ही शेजारच्या गुरुजींच्या ओसरीवर दाटीवाटीने बसत असू. वारा सुटला की एकजण गच्चीवर चढून अँटेना फिरवी आणि खालून सगळे "आलं, आलं... गेलं!" असा गजर करीत. रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप यांचे दिग्दर्शन, मनोहर श्याम जोशी यांची लेखणी, मास्टर हवेलीराम आणि लाजोजी यांचा संसार. लाहोरातले एक कुटुंब, आणि एके दिवशी त्या कुटुंबाचे स्वतःचे शहरच परदेश होते. माझी आजी हिंदी फारसे जाणत नव्हती; तरीही घर सोडण्याचे प्रसंग सुरू झाले की तिचे डोळे पाणावत. भाषेवाचून हिला हे कसे कळते, असा प्रश्न त्या वयात मला पडला नाही, याची आज खंत वाटते.

हे सारे आठवण्याचे कारण असे. सतरा सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आपल्या भागातील ख्रिस्ती तरुणांनी यंदा साजरा करावयाचे ठरवले आहे. कार्यक्रम म्हणून २०२४ साली प्रदर्शित झालेला 'रझाकार' हा चित्रपट दाखवावा, असा बेत आहे. तरुणांना इतिहासाची ओढ वाटते, ही आनंदाचीच गोष्ट. पण नुसता तोच चित्रपट दाखवून, टाळ्या वाजवून घरी जाणार असाल, तर माझा त्याला विरोध आहे, आणि तो मी येथे स्पष्ट शब्दांत नोंदवतो.

रझाकारांचे अत्याचार खोटे होते, असे कोणी सुबुद्ध माणूस म्हणणार नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना निजामाच्या पोलिसांनी अटक केली. तेथपासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचे तेरा महिने आपल्यासाठी भारत हाच परदेश होता. हे अलंकाराने म्हणत नाही. निजामाचे टपाल वेगळे, हाली रुपया वेगळा, सरहद्दीवर करोडगिरीचे नाके वेगळे. पैनगंगा ओलांडली की दुसरा मुलूख. हदगावकडची माणसे नदी ओलांडून उमरखेडच्या बाजूला गेली. तिथे मुक्तिसंग्रामाची छावणी होती. माझ्या आजोळच्या मंडळींनीही एका रात्री चुलीतला विस्तव तसाच ठेवून नदी ओलांडली होती. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात जे घडले, त्याची वार्ता गावोगाव पोचली होती आणि तिनेच अनेकांचे पाय उचलले. आजी 'बुनियाद' पाहताना का रडत असे, याचे उत्तर त्या नदीपाशी आहे.

पण गोष्ट येथेच संपते का? अशा चित्रपटांची कथा तिरंगा फडकला की संपते. माणसांची कथा मात्र त्या दिवशी संपली नव्हती. पोलीस कारवाईनंतर केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना हैदराबाद संस्थानात पाठवले. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. रझाकारांच्या जुलमाची पार्श्वभूमी त्यांनी झाकली नाही. पण कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज त्यांनी नोंदवला आणि सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. होय, नांदेड. आपलाच जिल्हा. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतले बहुतेक रझाकार नव्हते. सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशकांनी तो अभ्यासकांच्या हाती लागला.

आमच्या घराच्या मागे एक पिंजाऱ्याचे कुटुंब राहत असे, असे माझे आजोबा सांगत. त्या दिवाळीच्या आधी ते कुटुंब निघून गेले. कोणी हैदराबाद म्हणे, कोणी कराची. जाताना पिंजाऱ्याने आपले पिंजण आजोबांकडे ठेवायला दिले: "आलो की घेऊन जाईन, दादा." ते पिंजण आमच्या माळ्यावर मी लहानपणी पाहिले आहे. ताररहित, वाळवी लागलेले. पुढे घर दुरुस्त करताना ते कुठे गेले, कोणास ठाऊक.

ज्यांनी गर्जना केल्या त्यांचे काय झाले, तेही पाहा. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. तो तुरुंगात राहिला, १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात गेला. १९७० साली कराचीत वारला. संस्थानचे पंतप्रधान मीर लायक अली मार्च १९५० मध्ये नजरकैदेतून निसटले आणि मुंबईमार्गे कराचीला पोचले. वेषांतर, मोटार, विमान असा सगळा मसाला असलेली ही पलायनकथा उद्या कोणी पडद्यावर आणली तर मला नवल वाटणार नाही. पिंजाऱ्याची कथा मात्र कोणी आणणार नाही. त्यात विमान नाही.

हीच माझी तक्रार आहे, आणि ती केवळ एका चित्रपटाबद्दल नाही. 'राजा शिवछत्रपती', 'उंच माझा झोका', 'स्वराज्यरक्षक संभाजी', 'स्वराज्यजननी जिजामाता' या मराठी ऐतिहासिक मालिका आम्ही आवडीने पाहिल्या. त्यांच्या थोरवीविषयी वाद नाही. परंतु त्यांचा इतिहास गडांवर आणि पुण्याच्या वाड्यांत घडतो. मराठवाड्याच्या मातीच्या घरात इतिहास घडलाच नाही, असे मुलांना वाटले तर दोष कोणाचा? अनंत भालेराव यांच्यासारख्या संपादकाने मराठवाड्याच्या लढ्यावर ग्रंथ लिहिला, नरहर कुरुंदकरांनी नांदेडात राहून हैदराबादच्या प्रश्नावर निर्भीडपणे लिहिले. सामग्री नाही, असे म्हणण्याची सोय नाही. धैर्य नाही, असे म्हणा.

"जुन्या जखमा कशाला उकरायच्या?" असे मला एका जाणत्या गृहस्थांनी ऐकवले. हा आक्षेप नवा नाही. जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांची 'तमस' ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हाही तो घेण्यात आला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपण थांबवण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी १९८८ मध्ये तोच कौल दिला. सामान्य प्रेक्षक अडाणी असला तरी अविवेकी नसतो, हा त्या निर्णयांमागचा विश्वास होता. आपल्या पुढाऱ्यांचा तो विश्वास आजही नाही.

माझ्या मते 'तमस' ही 'बुनियाद'हून श्रेष्ठ कृती. 'बुनियाद' पुढे पुढे भाऊबंदकीत आणि सासू-सुनांच्या कुरबुरीत रेंगाळते. इतक्या मोठ्या दुःखातून आलेली माणसे इतक्या लहान गोष्टींवर भांडताना पाहून कंटाळा येतो. (अर्थात खरी माणसे तशीच असतात, हेही खरे.) 'तमस'मध्ये भीष्म साहनींनी सगळ्या दंगलीच्या मुळाशी उभा केला आहे तो नाथू, कातडी कमावणारा, ज्याला फसवून डुक्कर मारायला लावले जाते. ओम पुरी यांनी साकारलेला तो भेदरलेला माणूस पाहताना आपल्यातील कित्येकांना स्वतःचा आजा आठवेल. दंगल दुसरेच पेटवतात, आणि घर त्याचे जाते. त्याच मालिकेत हरनामसिंग आणि बंतो या वृद्ध शीख दांपत्याला एक मुसलमान बाई आपल्या घरात आसरा देते. एका बाजूचे दुःख दाखवून दुसरी बाजू काळी करण्याचा सोपा मार्ग साहनी आणि निहलानी यांनी घेतला नाही.

आता आपल्याविषयी. या भागातील आपल्या बहुतेक कुटुंबांची मुळे गावकुसाबाहेरच्या वस्तीत आहेत, हे लपवण्याचे कारण नाही. त्या वर्षी त्या वस्तीची अवस्था सर्वांत चमत्कारिक होती. एकीकडून निजामाचे पक्षपाती आपल्याकडे ओढत होते. दुसरीकडून "तुम्ही त्यांचेच" असा संशय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना नोव्हेंबर १९४७ मध्ये जाहीर निवेदन काढून हैदराबादमधील दलितांना निजामाची बाजू घेऊ नका, असे बजावावे लागले, यावरून त्या कोंडीची कल्पना यावी. आपल्या धर्मग्रामांच्या महोत्सवी स्मरणिका मी जमवल्या आहेत. धर्मगुरूंची आगमने, शाळा, दवाखाने, देवळांची पायाभरणी हे सर्व तारीखवार आहे. १९४८ या सालाविषयी त्यांत एक ओळ सापडली नाही. दुसऱ्यांनी आपली कथा सांगितली नाही म्हणून रागवावे, आणि आपण स्वतःच ती गिळून बसावे, हे कसे?

त्यातही आपण असे लोक, ज्यांच्या प्रत्येक घरात पवित्र कुटुंबाची तसबीर आहे. मत्तयलिखित शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आपण दर नाताळात ऐकतो. योसेफ रात्री उठतो, बाळाला आणि मरियेला घेतो आणि परमुलखाची वाट धरतो. आपण त्या प्रसंगाची चित्रे रंगवतो, गाढव कुठे उभे करायचे यावर वाद घालतो. त्याच सुमारास इथून जवळच माळेगावच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो आणि पालांवरची भटकी कुटुंबे थंडीत कुडकुडत असतात. तिकडे मात्र आपले लक्ष जात नाही. इजिप्तमधल्या कोणी शेजाऱ्याने त्या परक्या कुटुंबाला आसरा दिलाच असेल. शुभवर्तमानात त्याचे नाव नाही. सुंदरलाल समितीच्या अहवालातही अशी नावे नाहीत, पण नोंद आहे: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवण्यासाठी स्वतःच्या धर्मबांधवांशी लढा दिला आणि काहींनी त्यात प्राण गमावले. मागावर बसणारा मागावर बसणाऱ्याला ओळखत होता. या एका नोंदीवर तेरा भागांची मालिका उभी राहील. कोणती वाहिनी ती करणार, सांगा.

वाहिनीची वाट पाहत बसावे, असे मी म्हणत नाही. १९४८ साली जो दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीकडे झुकला आहे. अशी माणसे प्रत्येक गावात एखाद-दुसरी उरली असतील, हिंदू, मुसलमान आणि आपली. तरुणांच्या हातात भ्रमणध्वनी आहेत. त्यांवर वाढदिवसाचे केक कापताना दिसतात, आजोबा बोलताना दिसत नाहीत. माझी आजी गेली, आजोबा गेले. मी त्यांना चार प्रश्न नीट विचारले नाहीत, ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नव्हे.

म्हणून तरुणांपुढे माझी सूचना ठेवतो. 'रझाकार' अवश्य दाखवा. मात्र त्याच्या आदल्या संध्याकाळी 'तमस' दाखवा, निदान शेवटचे दोन भाग तरी. मधल्या वेळेत सुंदरलाल अहवालातील नांदेडविषयीचा मजकूर मराठीत वाचून दाखवण्याची जबाबदारी मी घेतो. भाषांतर करून ठेवले आहे. आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्या ज्येष्ठांसाठी राखून ठेवा. आपल्या वस्तीतल्याच नव्हेत, मशिदीमागच्या गल्लीतले दोघे अजून हयात आहेत. त्यांना बोलावायला मी स्वतः जाईन.