दोन नंबरचा माणूस

बीड म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो, नाहीतर ऊसतोडीचा कोयता. संजय बांगर आठवत नाही. १९७२ साली बीडात जन्मला, रेल्वेकडून खेळला, भारतासाठी १२ कसोट्या खेळला. २०१४ साली आयपीएलमध्ये पंजाबनं त्याला सहायक म्हणून घेतला, मग मुख्य प्रशिक्षक केला. संघ थेट अंतिम सामन्यात! त्याच साली भारताचा फलंदाजी प्रशिक्षक झाला आणि २०१९ पर्यंत तिथंच राहिला. दोन नंबरचा माणूस. २०१६ ला झिम्बाब्वेच्या दौऱ्यापुरती मोठी खुर्ची दिली. दौरा संपला, खुर्ची काढून घेतली.

२०१९ चा विश्वचषक उपांत्य फेरीत हातचा गेला. शास्त्री राहिला, गोलंदाजीचा राहिला, क्षेत्ररक्षणाचा राहिला. गेला एकटा बांगर. त्या सालच्या जाहिरातीत अट होती : मुख्य प्रशिक्षकाला ३० कसोट्या नाहीतर ५० एकदिवसीय सामने पाहिजेत. हाताखालच्याला १० कसोट्या पुरे. म्हणजे पाच वर्षं शिकवलंस ते राहू दे बाजूला, तरुणपणी किती खेळलास ते सांग! म्हणे मोठ्या खेळाडूंना मोठाच माणूस दाबात ठेवतो. मग पंजाब अंतिम सामन्यात कुणी नेला? पुढं बंगळूरनं त्याला फलंदाजी सल्लागाराचा मुख्य प्रशिक्षक केला, २०२२ च्या हंगामासाठी.

तरी ही अट छापलेली होती. छापलेल्या अटीशी भांडता येतं. बाळू पालवणकरची अट कुठं छापली होती? चांभाराचं पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची चाकरी करता करता गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाला त्याची बोटं चालली, कप्तानी नाही. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळायला नकार दिला, तेव्हा कुठं उपकप्तानी सुटली. कप्तानी आली १९२३ ला, धाकट्या विठ्ठलकडं. तोवर बाळूचा खेळ संपला होता.

मी गोदीत ओझं वाहतो. माल कसा उतरवायचा ते टोळीला ठाऊक असतं. हुकूम सोडणारा वरून येतो, कागद घेऊन.

म्हणून म्हणतो, पोरांनो, दोन नंबरवर शाबासकी घेऊन गप बसू नका. विचारा : वर जायची अट काय? लिहून द्या. अटीत केलेलं काम मोजा. नाही मोजत? मग पालवणकर भावांनी केलं ते करा. मैदानात उतरू नका.