अंग काळवंडले म्हणून औषध सोडू नका

रक्ताच्या कॅन्सरवर केमो घेणारे मूल वस्तीत परत आले की सल्ले सुरू होतात. केस गेलेले, नखे काळी पडलेली, तळहात लाल, तोंड आलेले. कोणी म्हणते औषध उलटले, कोणी म्हणते बाहेरचे आहे, कोणी आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नाही. आई-बाप आधीच थकलेले असतात. मग एक तारीख चुकते, मग दुसरी. आमच्या मते अंगावरच्या डागांपेक्षा खरा धोका त्या चुकलेल्या तारखेचा आहे.

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळांच्या, कातडीच्या आणि तोंडातल्या पेशीही तशाच. मेथोट्रेक्सेटने तोंड येते, ऊन सोसत नाही. सायटाराबिनने तळहात-तळपाय लाल होऊन दुखतात. यातले बहुतेक उपचार संपल्यावर भरून येते, केसही उगवतात.

कॅन्सर शिवल्याने होत नाही. ‘शिवू नको’ हा शब्द आपल्या आजा-पणजांनी किती सोसला, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तोच शब्द आपल्याच दारात आजारी लेकराला ऐकवायचा? जपायचे ते त्याला आपल्यापासून, आपल्याला त्याच्यापासून नव्हे. त्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. सर्दी-ताप असलेल्याने लांब राहावे, बाकीच्यांनी हात धुऊन खुशाल जवळ घ्यावे. शेजारी कुणाला कांजिण्या निघाल्या आणि मूल त्याच्या जवळ गेले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मुलालाच निघाल्या तर ‘देवी आली’ म्हणून लिंबाचा पाला घेऊन बसू नका. जिवावर बेतते.

काही वेळा मात्र थांबायचेच नाही. औषध चढताना सुईच्या जागी आग झाली, सूज आली तर लगेच सिस्टरला हाक मारा. व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गेले तर मांस जळते. अंगावर फोड येऊन साल निघू लागली, दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, किंवा ताप 100.4 वर गेला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. हळद, चुना, झाडपाल्याचा लेप लावू नका. सौम्य साबण, मऊ सुती कपडे आणि उन्हात पूर्ण बाह्या एवढे पाळा.

सगळा दोष आई-बापांचा नाही. घरी सोडताना हातात इंग्रजी कागद येतो आणि समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो. काय होईल, कशाला घाबरायचे, कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे मराठीत लिहून मागा. ती मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे. कॅन्सरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात, तेही विचारा.

आणि वस्तीनेही एवढे करावे. रविवारी विहारात जमतो तेव्हा विचारावे, ‘या आठवड्यात तारीख कुणाच्या लेकराची?’ आणि एकाने त्या आईबरोबर जावे.