आपला पक्ष कोणता?

वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग असतो. वंदना झाली की अर्धा तास संविधान शिकवायचे, हे काम माझ्याकडे आहे. मागे एका रविवारी सहावीतल्या मुलाने विचारले, ‘‘वकील काका, आपला पक्ष कोणता?’’ मी बोलण्याआधीच मागे बसलेल्या पालकांनी चार उत्तरे दिली. एकाने एक निळा झेंडा सांगितला, दुसऱ्याने दुसरा. तिसरा म्हणाला, सत्तेत असेल तो आपला. चौथा म्हणाला, सगळे चोर. पाच मिनिटांत पालक हमरीतुमरीवर आले आणि मुलाचा प्रश्न तसाच राहिला.

समाजबांधवांनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज झेंड्यामागे धावायला शिकलेले पोर उद्या मतही डोळे मिटूनच देणार. म्हणून पहिली गोष्ट मुलांना सांगावी ती ही की, जात जन्माने चिकटवली जाते, पक्ष निवडावा लागतो. बाप ज्या पक्षात आहे त्यात मुलगा जन्मतः सभासद होत नाही.

यासाठी बाबासाहेबांचेच उदाहरण पुरेसे आहे. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केले. रिपब्लिकन पक्षाची कल्पनाही त्यांचीच. तो पक्ष त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी अस्तित्वात आला. म्हणजे पक्ष हे साधन आहे, काम बदलले की साधन बदलते. ज्या काँग्रेसवर त्यांनी आयुष्यभर टीका केली, तिच्या नेतृत्वाखालील मंत्रिमंडळात ते कायदामंत्री झाले आणि हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ साली राजीनामा देऊन बाहेरही पडले. विरोधक म्हणजे शत्रू नव्हे आणि सोबत म्हणजे गुलामी नव्हे, हे मुलांना यापेक्षा सोपे कसे सांगणार?

दुसरी गोष्ट, तथ्य आणि मत वेगळे ठेवणे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशाखाली आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी धनुष्यबाण शिंदे गटाला आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी घड्याळ अजित पवार गटाला दिले. हे झाले तथ्य. ‘गद्दार’ किंवा ‘खरे वारसदार’ हे झाले मत. कोर्टात पुरावा वेगळा आणि वकिलाचा युक्तिवाद वेगळा असतो. घरातही तसेच असावे.

मात्र दुसऱ्यांच्या फुटीची गोष्ट सांगताना आपला आवाज चढतो आणि रिपब्लिकन गटांची गोष्ट आली की खाली येतो, हे मुलांच्या लगेच लक्षात येते. १९९८ साली नेते एकत्र आले तेव्हा प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे असे चौघे लोकसभेत गेले, हे अभिमानाने सांगा. तेव्हा काँग्रेसशी युती होती आणि ती एकी पुढे टिकली नाही, हेही त्याच आवाजात सांगा.

यावर कोणी म्हणेल, मग मुलांना बरे-वाईट काही सांगायचेच नाही काय? निःपक्षपाती म्हणजे मुके नव्हे. मोजपट्टी सर्वांना एकच लावा, एवढेच म्हणणे आहे. ती मोजपट्टी कायद्यातच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९क नुसार नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला संविधानाशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यावी लागते. पक्षाने स्वतः लिहून दिलेले त्याच्याच वर्तनाशी ताडून पाहणे, यात पक्षपात कसला?

पुढच्या रविवारी मी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. या पक्षाला पैसा कोठून येतो? उमेदवार कोण ठरवतो, कार्यकर्ते की एकच माणूस? जाहीरनाम्यातले सत्तेत आल्यावर किती केले? आणि ज्यांची मते कमी, ज्यांचा आवाज लहान, त्यांच्याशी तो कसा वागला? पहिला प्रश्न विचारणे हा नागरिकाचा हक्कच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द केले ते मतदाराच्या माहितीच्या अधिकारावर बोट ठेवूनच.

राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. आपण तो जयंतीच्या फलकावर छापतो आणि घरात नेत्याच्या नावाने भांडतो.

त्या मुलाला मी पक्षाचे नाव सांगितले नाही. त्याला म्हटले, ‘‘माझे मत मी ठरवतो आणि ते का, हे तू मोठा झाल्यावर मला विचार. घटनेने तुला अठराव्या वर्षी मत दिले आहे. तोवर हे चार प्रश्न सर्वांना विचार. आधी आपल्या माणसांना विचार.’’ मागे बसलेले पालक या वेळी भांडले नाहीत. फळ्यावरचे प्रश्न तेही उतरवून घेत होते.