उतार ज्याचा त्याने आखावा

कोऱ्या पानावर एक तिरकी रेघ ओढायची आणि ‘प्ले’चं बटण दाबायचं. मफलर गुंडाळलेला एक चिमुकला माणूस बर्फावरच्या घसरगाडीत बसून त्या रेघेवर येतो आणि सुसाट खाली सुटतो. रेघ संपली की अधांतरी. ‘लाइन रायडर’ हा खेळ एवढाच! बोश्त्यान चादेझ या स्लोव्हेनियातल्या विद्यार्थ्याने 2006च्या सप्टेंबरमध्ये तो वर्गातल्या एका प्रकल्पासाठी तयार केला आणि इंटरनेटवर टाकला. काही आठवड्यांत तो जगभर पसरला. त्यात गुण नाहीत, वेळेचं बंधन नाही, जिंकणं-हरणंही नाही. म्हणूनच चादेझ त्याला खेळ न म्हणता खेळणं म्हणत असे.

जिंकण्यासारखं काहीच नसताना माणसं तासन्‌तास त्यात कशी रमतात?

उतारावरून घसरण्याचे खेळ त्याआधीही होतेच. मायक्रोसॉफ्टमधल्या ख्रिस पिरिह यांचा ‘स्कीफ्री’ 1991 साली आला. झाडं आणि खडक चुकवत स्कीवरून खाली जायचं आणि पुढे कुठेतरी येऊन गिळणाऱ्या हिममानवापासून जीव वाचवायचा. विंडोजच्या जुन्या संगणकांवर तो खेळलेले लोक आजही त्या हिममानवाची आठवण काढतात. पण तिथे डोंगर आयता मिळतो, खेळणाऱ्याने फक्त डावं-उजवं करायचं.

‘लाइन रायडर’मध्ये सगळं उलटं आहे. डोंगर आपण काढायचा आणि गाडी सुटली की हात बांधलेले. ना सुकाणू, ना ब्रेक. जे काही करायचं ते आधी, रेघ ओढताना. वळण जरा टोकदार झालं की माणूस गाडीवरून उडून पडतो. मग थांबायचं, खोडरबर घ्यायचा, तेवढाच तुकडा हलक्या हाताने पुन्हा काढायचा आणि परत सोडून बघायचं. रेघ तीच असेल तर घसरणंही दर वेळी हुबेहूब तेच. नशिबाला इथे जागाच नाही. खरी गोडी आहे ती इथेच. पडझड झाली की तिचं कारण समोर पानावरच दिसतं आणि ते आपल्या हाताने दुरुस्त करता येतं. शिकण्याचा इतका प्रामाणिक अनुभव फार थोडे खेळ देतात.

या कोऱ्या पानावर लोकांनी जे केलं ते थक्क करणारं आहे. ‘डूडलकेऑस’ या यूट्यूब वाहिनीने 2017मध्ये एडवर्ड ग्रीग यांच्या ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’ या रचनेवर हाताने रेखाटलेला एक लांबलचक मार्ग सादर केला. सूर हळू तेव्हा गाडी हळू, ठेका चढला की उड्या आणि गिरक्या, आणि प्रत्येक आघाताला गाडी नेमकी रेघेवर टेकते. त्यामागची मेहनत संगीतकाराच्याच तोडीची आहे, असं म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

2008मध्ये याच खेळाची विक्रीसाठीची आवृत्ती निनटेंडोच्या यंत्रांवर आणि संगणकावर आली. तिच्यात कथा आली, टप्पे आले, गाठायची ठिकाणं आली. मूळच्या पानाला यातल्या कशाचीच गरज नव्हती. मोबाइलवरचे आजचे बहुतेक खेळ मात्र त्याच वाटेने बरेच पुढे गेलेत: रोजची बक्षिसं, नाणी, मध्येच जाहिरात, ‘परत या’ म्हणणाऱ्या सूचना. त्यांना मुलाचं लक्ष धरून ठेवायचं असतं. चादेझच्या खेळण्याला मुलाकडून काहीच नको असतं, त्यामुळे मूल त्यात रमतं ते स्वतःच्या कल्पनेच्या ओढीने.

हा खेळ ज्या फ्लॅशवर उभा होता, त्या तंत्राचा आधार अडोबीने 2020च्या अखेरीस काढून घेतला आणि असंख्य छोटे खेळ त्याबरोबर अडगळीत गेले. ‘लाइन रायडर’ मात्र चाहत्यांच्या मेहनतीने नव्या रूपात आलेला होता. आज तो साध्या ब्राउझरमध्ये फुकट चालतो.

मग शाळांच्या संगणक-कक्षात तो का नसावा? गुरुत्वाकर्षण, वेग आणि उतार हे धडे विज्ञानाच्या पुस्तकात आहेतच. तास सुरू होताना मुलांना अर्धा तास ही रेघ ओढू द्यावी, गाडी पाडू द्यावी. माणूस नेमका त्या वळणावरच का उडाला, हा प्रश्न ती स्वतःहून विचारतील, आणि धडा तिथूनच सुरू करता येईल.