पथ्यपत्रक आणि शेतकरी बाजार

चिकित्सा ठरली की आपण रुग्णाच्या हाती पथ्यपत्रक ठेवतो. जुना तांदूळ, मूग, पडवळ, दुधीभोपळा, आवळा, गाईचे तूप ही त्यावरील नावे शास्त्रसंमतच असतात. परंतु हे द्रव्य कोठे पिकले, कसे पिकले आणि किती दिवसांनी स्वयंपाकघरात पोहोचले, याविषयी पत्रक मौन पाळते. चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या आठ आहारविधिविशेषायतनांत 'देश' हे स्वतंत्र आयतन आहे आणि त्यात द्रव्याची उत्पत्ती व प्रचार या दोहोंचा विचार अभिप्रेत आहे. शहरात व्यवसाय करणाऱ्या वैद्याला हे आयतन प्रत्यक्ष पडताळण्याची ठिकाणे फार थोडी उरली आहेत. शेतकरी बाजार हे त्यांपैकी एक होय आणि आपण तेथे नियमाने गेले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत वांद्रे येथे सेंद्रिय मालाचा शेतकरी बाजार २०१० साली भरू लागला. पुढे जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि शेतकऱ्याने शहरात येऊन थेट विक्री करण्याची वाट अधिक मोकळी झाली. आज ठाणे, मुंबई, पुणे येथील वैद्याला असा बाजार शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

तेथे काय शिकावयास मिळते, याचे एक उदाहरण देतो. पहिल्या पावसानंतर ठाण्यातील अशा एका बाजारात आदिवासी भगिनी शेवळे घेऊन बसल्या होत्या. शेवळे हा सुरणाच्या कुळातील कोंब. नीट न शिजविल्यास घशाला खाज आणणारा. एका गिऱ्हाइकाने नुसती शेवळे मागितली, तेव्हा विक्रेती म्हणाली, "ताई, काकडं घेतल्याबिगर शेवळं नेऊ नका, घसा खाजंल." काकडाच्या आंबट फळांचा रस घालून शिजविल्यावर हा दोष जातो, हे तिला परंपरेने ठाऊक होते. 'करण' आणि 'संयोग' या आयतनांचा याहून सुबोध पाठ कोणत्या वर्गात मिळेल? शेजारच्या टोपलीत टाकळा, भारंगीची पाने आणि कुड्याची फुले होती. चक्रमर्द, भारंगी, कुटज म्हणून आपण ज्यांची चूर्णे व क्वाथ वापरतो, ती ही द्रव्ये येथे भाजी म्हणून विकली जातात.

तथापि या बाजाराकडे भाबडेपणाने पाहणेही योग्य नव्हे. आपल्या संहितेत 'सेंद्रिय' हा शब्द चेतन द्रव्याचा वाचक आहे. बाजारात तो केवळ लागवडीची पद्धत सांगतो. द्रव्य गुरू की लघु, रुग्णाचा अग्नी कसा, मात्रा किती, याचे उत्तर त्या शब्दात नाही. सेंद्रिय दही रात्री खाल्ले म्हणून ते अभिष्यंदी राहत नाही, असे थोडेच आहे? याच बाजारांत दूध आणि आंबट फळे एकत्र घुसळून 'डिटॉक्स' पेय म्हणून विकलेलीही मी पाहिली आहेत. विरुद्धाहार सेंद्रिय झाला तरी विरुद्धच राहतो, हे सांगण्याचे दायित्व आपले आहे.

प्रमाणपत्राविषयीही जाण हवी. २००१ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मान्यताप्राप्त संस्था तपासणी करते. सहभागी हमी पद्धतीत शेतकऱ्यांचे गट परस्परांची शेते तपासतात. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांत थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान मूळ उत्पादकास प्रमाणीकरणातून सवलत आहे. म्हणजे पाटी नाही म्हणून शेतकरी खोटा ठरत नाही आणि पाटी आहे म्हणून चौकशी संपत नाही. खत कोणते, कीड पडल्यावर काय केले, तोडणी केव्हा झाली, हे तीन प्रश्न समोरच्या शेतकऱ्याला विचारता येतात, हाच या बाजाराचा खरा लाभ.

औषधनिर्माते बंधूंनी येथील गुळाकडे अवश्य पाहावे. हायड्रॉस घालून पिवळाधमक केलेला गूळ डोळ्यांत भरतो. रसायनाविना, भेंडीच्या रसाने मळी काढलेला गूळ बहुधा काळसर तांबूस दिसतो. आसवारिष्टांसाठी आपण गूळ क्विंटलांनी घेतो. तो रंग पाहून घेतला जातो की उत्पत्ती विचारून? मध, तूप आणि आवळा यांविषयीही हाच प्रश्न आहे. गुऱ्हाळाशी किंवा उत्पादक गटाशी थेट व्यवहार ठेवून त्याची नोंद राखली, तर कल्पाच्या गुणवत्तेविषयी आपण अधिक विश्वासाने बोलू शकू.

राहिला दराचा प्रश्न. आणि तोच सर्वांत नाजूक आहे. या बाजारातील भाव रोजंदारीवर जगणाऱ्या रुग्णास परवडत नाहीत. फवारणीच्या भीतीने पालेभाजीच सोडून दिलेले रुग्ण माझ्याकडे येतात. त्या भीतीत भर घालणे हा चिकित्सेचा धर्म नव्हे. अशा रुग्णास ऋतूतील, जवळपासची, ताजी भाजी नेहमीच्या मंडईतून घेऊन, वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुऊन, शिजवून खाण्यास निःशंक सांगावे. जो अधिक खर्च करू शकतो, त्यानेही रोजच्या धान्य-डाळीपासून आरंभ करावा. महागड्या परदेशी भाज्यांपासून नव्हे.

आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने दर ऋतूस एकदा सभासदांसह शेतकरी बाजारास भेट द्यावी, तेथे मिळणाऱ्या द्रव्यांची स्थानिक व शास्त्रीय नावांसह सूची करावी आणि तीवरून त्या भागाचे ऋतुनिहाय पथ्यपत्रक सिद्ध करावे. त्यात द्रव्य कोठे मिळेल आणि त्याला स्वस्त पर्याय कोणता, हेही असावे. पथ्य नुसते लिहून दिल्याने रुग्णाच्या ताटात उतरत नाही. त्याचा मार्ग वैद्याने स्वतः चालून पाहिलेला असावा लागतो. शाखांच्या आगामी सभांत याचा विचार व्हावा, ही विनंती.