सोसणं म्हणजे सराव नव्हे

गेल्या नवरात्रातली गोष्ट. आमच्या महिला मंडळातली एक मैत्रीण पहाटे घाटरस्त्याला पळायला गेली आणि परतताना मैलाच्या दगडापाशी मटकन खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी. पन्नास किलोमीटरच्या शर्यतीची तिची तयारी चालू होती. उपवासाचा सहावा दिवस, पोटात फक्त कपभर चहा. आदल्या संध्याकाळी तिनं मला विचारलंही होतं, "ताई, उपवास आहे, उद्या पळू का?" आणि मी शहाणी म्हणाले होते, "अगं, आपण बायका काय काय सोसतो! पळ की."

एका दूधवाल्या दादांनी तिला घरी आणून सोडलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ! तेव्हापासून माझं ते वाक्य मलाच टोचतंय.

मैत्रिणींनो, ४२.१९५ किलोमीटरची ती मॅरेथॉन. त्यापेक्षा लांब पल्ल्याची कुठलीही शर्यत म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. 'हे आपलं काम नव्हे' असं म्हणण्याआधी थोडं ऐका. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांदरम्यान १९२१ पासून 'कॉम्रेड्स' ही साधारण नव्वद किलोमीटरची शर्यत होते. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या बाईंना तिथे प्रवेश नाकारला गेला. त्या तरीही धावल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत पोहोचल्या. स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला मात्र १९७५ साल उजाडलं. आज आपल्या महाराष्ट्रातूनही बायका तिथे जाऊन धावतात. मेक्सिकोच्या डोंगरातली लोरेना रामिरेझ २०१७ मध्ये पन्नास किलोमीटरची शर्यत जिंकली, ती घेरदार झगा आणि साध्या चपला घालून. २०१९ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडमधली सुमारे ४३० किलोमीटरची 'स्पाइन रेस' जास्मिन पॅरिस हिनं पुरुषांनाही मागे टाकून जिंकली. घरी तान्ही लेक होती, म्हणून वाटेतल्या थांब्यांवर ती अंगावरचं दूध काढून ठेवत होती.

हे वाचलं की आपण लगेच म्हणतो, "पाहा, बाईची सहनशक्ती!" माझा आक्षेप नेमका इथेच आहे. या बायका जिंकल्या त्या नुसतं सोसून नव्हे. वेळेवर खाऊन, गरज पडली तिथे थांबून, मदत घेऊन त्या जिंकल्या. लांब पल्ल्याचं शास्त्र सांगतं ते आणि आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं ते, अगदी उलटं आहे.

पहिलं म्हणजे रक्त तपासून घ्या. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. तो अंगावर काढून पळणं म्हणजे रिकाम्या टाकीवर गाडी हाकणं. पळायला लागल्यावर पाळी बंद झाली तर 'कटकट गेली' म्हणू नका. श्रमाच्या मानानं पोटात कमी जातंय, असं शरीर सांगत असतं. डॉक्टरांना दाखवा, नाहीतर पुढे हाडं ठिसूळ होतात.

दुसरं, घाई नको. पाच, दहा, एकवीस, मग बेचाळीस अशा पायऱ्या चढा. वर्ष-दीड वर्ष लागलं तर लागू द्या. आठवड्यातून एकदा लांब पळा, पण शेजारणीशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं. तीन आठवडे अंतर वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी करा. चढ आला की सरळ चाला. चालण्यात कमीपणा नाही, मोठमोठे धावपटूही चालतात. आळंदी ते पंढरपूर चालत जाणाऱ्या आपल्या वारकरी आयाबायांना हे कुणी शिकवावं लागत नाही. विसावा आणि मुक्काम हा वारीचाच भाग आहे.

तिसरं, खाणं. दीड-दोन तासांपेक्षा जास्त पळायचं तर दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं काहीतरी तोंडात टाका. केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. जे सरावात पचलं तेच शर्यतीत खा, त्या दिवशी नवा प्रयोग नको. पाणी तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मळमळतं, डोकं दुखतं, भ्रम होतो, जिवावरही बेततं. आणि पळताना वेदनाशामक गोळी घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. दुखणं दाबून पळायचं नसतं, त्याचं कारण शोधायचं असतं.

चौथी गोष्ट झोपेची. रात्री अकराला भांडी घासून पहाटे चारला पळायला उठणं ही तयारी नव्हे, हळूहळू आजारी पडणं आहे. आणि इथे प्रश्न एकट्या बाईचा राहत नाही. लांब शर्यतीत धावपटूच्या मदतीला माणसं असतात. कुणी पाणी देतं, कुणी खायला देतं. आपल्या मैत्रिणीच्या घरी रविवारचा चहा-नाश्ता नवऱ्यानं केला, मुलांनी आपापले डबे भरले, तर तीच तिची मदतफळी. नगरपालिकेनं मैदानावर पहाटे दिवे लावावेत, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करावा. शर्यत भरवणाऱ्यांनी वाटेत बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं ठेवावीत. हे मागणं लाड नव्हे. मात्र मागितल्याशिवाय मिळणार नाही, हेही खरं.

माझी मैत्रीण चार महिने पळाली नाही. लोहाच्या गोळ्या घेतल्या, पालेभाज्या आणि खजूर नेमानं खाल्ले. मुख्य म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवायची सवय मोडली. सासूबाई आधी कुरकुरल्या, आता त्याच तिचं ताट वाढून ठेवतात. परवा ती पुन्हा पळायला निघाली तेव्हा मी फाटकापाशी उभी होते. या वेळी मी एवढंच विचारलं, "काही खाल्लंस का गं?"

तुमच्या घरातली लेक, सून किंवा शेजारीण पळायचं म्हणाली, तर 'सोस' म्हणण्याआधी तुम्हीही एवढंच विचारा. आणि स्वतःलाही विचारा, बरं का!