वाढदिवसाची वही



हरभरा घरात येऊ लागला आहे, गहू पिवळा पडत चालला आहे आणि उन्हाळी भुईमुगाला पाण्याच्या पाळ्या किती द्याव्यात हे विचारणारी आठ-दहा पत्रे माझ्यापुढे पडली आहेत. त्यांची उत्तरे पुढच्या अंकात देतो. आज एका वेगळ्याच पत्राकडे वळायचे आहे. वाडीवरच्या एका शाळेतील गुरुजी लिहितात, "२७ फेब्रुवारी जवळ आली. कुसुमाग्रजांचा वाढदिवस. मुलांकडून एक हस्तलिखित करून घ्यावे म्हणतो. प्रत्येकाने एकेक कविता सुवाच्य अक्षरात उतरवायची, भोवती वेलबुट्टी काढायची. ही वही टिकावी कशी, वाळवी-कसर लागू नये म्हणून काय करावे, ते कळवा."

गुरुजींनी शेतकी खात्याच्या माणसाला हे विचारले याचे मला नवल वाटले नाही. कीड म्हटली की लोक आमच्याकडेच येतात. टिकाऊपणाचे पुढे सांगतो. पण आधी त्या 'उतरवून काढण्या'बद्दल चार शब्द बोलायचे आहेत, कारण याच कामात माझ्या हातून एकदा मोठी चूक घडली आहे.

कुसुमाग्रज म्हणजे विष्णु वामन शिरवाडकर. जन्म २७ फेब्रुवारी १९१२, कर्मभूमी नाशिक, १९८७ सालचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. १० मार्च १९९९ रोजी ते गेले. २०१३ पासून त्यांचा जन्मदिवस राज्यभर मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. एका लेखकाच्या वाढदिवसाला गावोगावची मुले कागद, दोरा, डिंक घेऊन बसतात, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. मोठ्या साहित्यिकांची षष्ट्यब्दी किंवा अमृतमहोत्सव आला की विद्वान मंडळी गौरवग्रंथ काढतात. आपल्यासारख्यांचा गौरवग्रंथ म्हणजे ही हाताने शिवलेली वही.

आता माझी गोष्ट.

२००८ साली मी जुन्नर तालुक्यात होतो. माझ्या सज्जातील एका गावात पाच-सहा घरांनी मिळून पुस्तके वाचायला सुरुवात केली होती. एक प्रत आणायची आणि ती घरोघर फिरवायची. रात्री ओट्यावर बसून एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. त्यांना एका लेखकाच्या कथा विशेष आवडल्या. त्यांचे नाव सांगत नाही, त्यांना असला गाजावाजा रुचत नसे. मूळचे घाटावरचे, पण नोकरीनिमित्त मुंबईला गेले आणि शेवटी मुलाकडे नाहूरला राहू लागले. त्या मे महिन्यात त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. कोणीतरी म्हणाले, "आपण काही पाठवू या." शाल-श्रीफळ नको असे ठरले, कारण ते त्यांना पुष्कळ मिळाले असेल. मग ठरले की प्रत्येक घराने एक पान लिहायचे.

बघता बघता पाच घरांची अकरा घरे झाली. बायकांनी आवरणाचे काम अंगावर घेतले. जुन्या इरकली लुगड्यांचे, खणांचे तुकडे जोडले आणि गोधडीला घालतात तसा धावदोरा घातला. प्रत्येक घरचा एक तुकडा त्यात होता. पानांवर लावायला मुलांनी शिवारातली फुले आणली. एकाने तर गाजरगवताची फांदी आणली आणि म्हणाला, "ह्यांच्या गोष्टीत आपलं समदं शिवार आलंय, हीच एक राहिली." (गाजरगवत नुसत्या हाताने उपटू नये, अंगाला खाज सुटते, हे मी त्याला तेव्हाही सांगितले.)

लिहिलेले कागद माझ्याकडे जमा झाले. मी शिकलेला, बी. एस्सी. ॲग्री. झालेला, अहवाल लिहिण्याचा सराव असलेला माणूस. ते कागद वाचून मला कसेसेच झाले. कोणी 'न'चा 'ण' केला होता, कोणी बाजारभावावरच अर्धे पान खर्ची घातले होते. नव्याने नांदायला आलेल्या एका मुलीने लिहिले होते की ती हे पुस्तक पिठाच्या डब्यात लपवून ठेवते आणि सासूबाई देवळात गेल्या की वाचते. मला वाटले, हे बरे दिसत नाही. दोन रात्री बसून मी सगळी पाने नव्याने, एकसारख्या अक्षरात लिहून काढली. 'आपल्या लेखणीतून ग्रामीण जीवनाचे हृदयंगम दर्शन घडते' असली वाक्ये मला सहज सुचत होती. खाली ज्याच्या त्याच्या सह्या आणि अंगठे घेतले. मूळ कागद सकाळी पाण्याच्या बंबात घातले.

गावात एक वृद्ध बाई होत्या, सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण ओट्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला त्याच बसत. त्यांचे पान आले ते आम्ही निघायच्या दिवशी पहाटे. नातवाला सांगून लिहवून घेतलेले, खाडाखोड केलेले, एका कोपऱ्याला हळदीचा डाग. वही शिवून झाली होती आणि मला नव्याने लिहायला वेळ नव्हता. आक्कांच्याच चुलीवर चमचाभर खळ शिजवली आणि ते पान मागच्या पुठ्ठ्याच्या आतून चिकटवून टाकले.

आम्ही तिघे एस.टी.ने माळशेज उतरून कल्याणला आलो आणि तिथून धीमी लोकल धरली. नाहूरला जलद गाडी थांबत नाही. मुलुंड आणि भांडुपच्या मध्ये हे स्टेशन होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्याआधी मुलुंडला किंवा भांडुपला उतरून चालत जावे लागे. माझ्याबरोबरचे दोघे स्टेशनबाहेर येताच माती शोधू लागले. साष्टीतल्या या गावांत एके काळी भाताची खाचरे होती, पूर्वेला खाडीकडे मिठागरे. आम्हाला मात्र जिकडे तिकडे इमारतींचे पायेच दिसत होते. "एवढ्या खोल तर आमची विहीर नाही," एक जण म्हणाला.

लेखक खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. वही त्यांनी मांडीवर घेतली आणि आधी बराच वेळ आवरणावरूनच हात फिरवला. कोणता तुकडा कोणाच्या घरचा, हे विचारून घेतले. मग वाचायला लागले. दुसरे पान, तिसरे, पाचवे. चेहरा प्रसन्न होता, पण मला जाणवले की ते भराभर उलटत आहेत. शेवटी आक्कांच्या पानाशी आले आणि थांबले.

त्यांच्या एका कथेत कर्जापायी बैल विकून आलेला शेतकरी आहे. घरी येतो, जेवतो आणि दमून झोपी जातो, असा तिचा शेवट. आक्कांनी लिहवले होते:

"बैल इकून आल्यावर मालक झोपला, आसं तुमी लिवलंय. आमच्यात त्या राती कुणी झोपलं न्हाय. म्या सांजच्याला सवयीनं दोघांची वैरण टाकली, मंग एकाची उचलून माघारी ठिवली. ऱ्हायलेला बैल वैरणीला त्वांड लावंना. मालक रातभर गोठ्यात बसला, म्या दाराशी. आमी एकमेकाशी बोललो न्हाय. बाकी तुमची गोष्ट खरी हाय."

लेखकांनी ते दोनदा वाचले. मग चष्मा काढून मला म्हणाले, "साहेब, या वहीत अकरा सह्या आहेत, पण बोलणारा एकच दिसतो. तो तुम्ही का?"

मी हो म्हणालो.

"मूळ कागद असतील ना? ते पाठवा. जसे आहेत तसे."

ते बंबात गेले हे मला सांगावे लागले. ते रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला, माझ्या सोबत्यांना पाऊसपाणी विचारले. पण निघेपर्यंत मी मान वर करू शकलो नाही. परतीच्या गाडीत माझ्याबरोबरचा एक जण हळूच म्हणाला, "साहेब, म्या लिवलं व्हतं की माझा बाप त्यांच्या गोष्टीतल्या म्हाताऱ्यावानीच बोलायचा. ते काढलं व्हय तुमी?" काढले होते. त्या म्हाताऱ्याचे बोलणे कसे होते, हे त्याने चार ओळींत लिहिले होते आणि आज मला त्यातली एकही आठवत नाही.

गुरुजी, म्हणून सांगतो, मुलांकडून कविता उतरवून घेऊ नका. ती तर पुस्तकात आहेच. ती वाचल्यावर मुलाला स्वतःच्या घरचे, रानातले काय आठवले ते त्याला लिहू द्या, आणि तुमचा लाल पेन त्या दिवशी खिशात राहू द्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ऐकून टिपून ठेवले. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघाले. टिपणाऱ्यांनी ती खानदेशी बोली 'सुधारली' असती, तर आपल्या हाती काय आले असते? अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत, तेही असेच जिव्हाळ्याचे काम होते.

आणखी एक. कुसुमाग्रजांची वही शाळेत राहील, ते योग्यच. पण मुलांना आवडणारा एखादा हयात लेखक असेल तर त्याच्यासाठीही एक करा. त्याला ती वाचता येईल आणि तो तुम्हाला उलट काही विचारीलही. नाहूरहून महिनाभरात आक्कांच्या नावाने कार्ड आले. त्यात एकच प्रश्न होता, विकलेल्या बैलाचे नाव काय? आक्कांनी ते नातवाकडून लिहवून पाठवले. मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

आता टिकाऊपणाचे. कागद शक्य तर सुती चिंध्यांचा हातकागद घ्या. जुन्नरचा असा कागद पेशवाईत दप्तरांना लागे, आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली ती हीच कला पुढे नेण्यासाठी. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद त्यातल्या आम्लाने पिवळा पडून ठिसूळ होतो. वही शिवा, पिना मारू नका, त्या गंजतात. फुले-पाने चिकटवण्यापूर्वी जुन्या वर्तमानपत्रांत ठेवून वर जड पाटा ठेवावा आणि आठवडाभर कागद रोज बदलावा. ओलसर फूल लावले तर बुरशी धरते आणि शेजारचे पानही जाते. कॉलेजात तणांचा संग्रह करताना आमची निम्मी पाने अशीच गेली होती.

चिकटवायला मैद्याची खळ उत्तम. एक वाटी मैदा गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा, पाच-सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईतो हलवा. कसर लागू नये म्हणून बांधणीवाले तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रणाला वापरतात तेच हे. पण ते विष आहे. खळ निवल्यावर मोठ्या माणसाने, स्वयंपाकाचे नसलेल्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात ते मिसळावे. लोखंडी भांडे चालत नाही. मुलांच्या हाती द्यायची खळ बिनमोरचुदाचीच असावी, आणि वही ठेवाल त्या कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकावा.

खळ आदल्या दिवशी करून ठेवू नका. या दिवसांत दुपारपर्यंत आंबते.